गमबुटात न घसरणारे गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे

भिलारच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे सासरे थंडीत उजाडायच्या आधीच स्ट्रॉबेरीच्या रानात जातात, पायात गमबूट असतात. त्यांच्यासाठी ताईंनी चार सुयांवर गुडघ्यापर्यंतचा लोकरी मोजा विणला. ८० टाके घातले आणि वरपासून घोट्यापर्यंत तसेच सरळ विणत नेले. मोजा पोटरीवर ताणून बसतो, घोट्याशी चुण्या पडतात आणि थोडं चाललं की सगळा मोजा खाली घसरून बुटात गोळा होतो. टाके वाढवू, कमी करू, की वर इलॅस्टिक घालू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, टाके वाढवायचेही आहेत आणि कमीही करायचे आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. इलॅस्टिक तूर्त बाजूला ठेवा.

आधी तुमचा मोजा का घसरतो ते बघू. तुमच्या लोकरीचे साधारण एका सेंटिमीटरला ३ टाके बसत असतील, तर ८० टाक्यांची नळी होते जेमतेम २७ सेंटिमीटर घेराची. चांगल्या चालत्या पुरुषाची पोटरी ३७ सेंटिमीटरच्या आसपास असते, घोट्याच्या वरचा बारीक भाग २३ च्या आसपास. म्हणजे तीच नळी पोटरीवर १० सेंटिमीटर ताणली जाते आणि घोट्यावर ४ सेंटिमीटर सैल लोंबते. ताणलेलं विणकाम नेहमी कमी घेराकडे सरकतं. पोटरीचा आकार खाली निमुळता, त्यामुळे ताण मोज्याला खालीच ढकलणार, आणि खाली घोट्याशी त्याला धरून ठेवायला काहीच नाही. त्यात गमबूट प्रत्येक पावलाला टाचेपाशी मोजा ओढतो. वर इलॅस्टिक घातलंत तर वरची कड कदाचित जागेवर राहील, पण मधला मोजा तरी गोळा होणारच, आणि रोज सकाळी पायावर लाल वळ उठेल तो वेगळा.

मोजा जागेवर राहतो तो दोन गोष्टींनी. एक, पायाच्या प्रत्येक ठिकाणी तो सारखाच ताणलेला हवा. पोटरीवर जास्त आणि घोट्यावर कमी असं नको. दोन, वरची पट्टी पोटरीच्या फुगवट्यावर न संपता त्याच्याही वर, गुडघ्याच्या खाली पाय पुन्हा बारीक होतो त्या खोलगट जागी बसायला हवी. गुडघ्याखाली हात फिरवून बघा, ती जागा लगेच सापडते. पट्टी तिथं बसली की खालचा फुगवटाच तिला अडवून धरतो.

म्हणून सुया हातात घेण्याआधी टेप घ्या. सासऱ्यांना उभं राहायला सांगा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसलेल्या माणसाची पोटरी सैल पडते आणि माप चुकतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याचे पाय संध्याकाळी थोडे भरलेले असतात, तेव्हा माप संध्याकाळीच घ्या. जमिनीपासून गुडघ्याखालच्या खोलगट जागेपर्यंतची उंची घ्या. मग बॉलपेनाने पायावर जमिनीपासून १०, १५, २०, २५, ३०, ३५ सेंटिमीटरवर बारीक खुणा करा आणि प्रत्येक खुणेवरचा घेर लिहून काढा. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतायला नको. दोन्ही पाय मोजा. दोन्ही पाय अगदी सारखे असतात असं नाही. सेंटिमीटरभर फरक असेल तर मोठं माप धरा, त्याहून जास्त असेल तर दोन मोज्यांचे दोन वेगळे हिशोब करा. शेवटी चवड्याचा घेर आणि टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी.

आता लोकर. गमबुटात घाम येतो आणि तो बाहेर जायला वाट नसते. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते, सुती धागा ओला झाला की गार पडतो आणि ताणला की परत येत नाही. म्हणून सुती नको. निव्वळ अ‍ॅक्रिलिकही या कामाला मी सांगणार नाही. ते स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, स्वेटरला चालतं. पण एकदा गरम इस्त्री किंवा वाफ लागली की त्याची लवचीकता कायमची जाते, आणि तुमच्या मोज्याला सगळ्यात जास्त गरज लवचीकतेचीच आहे. लोकर आणि थोडं नायलॉन असं मिश्रण मिळालं तर उत्तम, नाही तर शुद्ध फोर प्लाय, म्हणजे चार पदरी लोकर घ्या आणि टाचेला, चवड्याच्या टोकाला शिवणकामाचा नायलॉनचा बारीक धागा लोकरीबरोबर जोडीने विणा.

आपल्या माण-खटावकडच्या किंवा जत-आटपाडीच्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर वापरता येईल का, हे मला इथं बरेचजण विचारतात. त्या लोकरीची घोंगडी पावसाला आणि थंडीला तोड नाही अशी होते, पण तिचं केस जाड आणि राठ असतं. उघड्या कातडीला ते टोचतं, आणि बुटात दिवसभर घासलं तर पाय सोलून निघेल. घोंगडीची लोकर घोंगडीलाच राहू द्या.

दुमडायच्या पट्टीसकट दोन मोज्यांना २०० ग्रॅम फोर प्लाय लोकर पुरते आणि थोडी दुरुस्तीलाही उरते. एकदम घ्या आणि सगळ्या गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. नंतर तोच रंग म्हणून आणलेला गुंडा उन्हात धरला की वेगळा दिसतो.

सुया १२ नंबरच्या, म्हणजे २.७५ मिलिमीटरच्या. आपल्याकडचा जुना नंबर उलटा चालतो, आकडा मोठा तशी सुई बारीक. हात सैल असेल तर १३ नंबर, म्हणजे २.२५ मिलिमीटर. नमुना विणल्याशिवाय पुढं जाऊ नका. एका मोज्याचे वीस हजारांहून जास्त टाके होतात. त्या सगळ्यांचा हिशोब त्या तळहाताएवढ्या नमुन्यावर उभा आहे. नमुना दोन सुयांवर सपाट न विणता चार सुयांवर गोल विणा. सपाट विणताना एक ओळ उलट टाक्यांची येते आणि बऱ्याच जणींचा हात उलट टाक्याला सैल पडतो. गोल विणताना सगळे सुलटच, त्यामुळे माप वेगळं येतं. नमुना कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट पसरून वाळवा आणि मगच १० सेंटिमीटरमधले टाके आणि फेऱ्या मोजा. ३० ऐवजी २८ टाके आले तर १०० टाक्यांचा घेर ३३ ऐवजी जवळपास ३६ सेंटिमीटर होतो. पोटरीवरची पकड तिथंच जाते.

आता हिशोब. मी १० सेंटिमीटरला ३० टाके आणि ४० फेऱ्या धरून एका पायाचं उदाहरण देते. आकडे तुमच्या मापाने बदला, रीत तीच ठेवा.

गुडघ्याखालचा घेर ३४, पोटरी ३७, घोट्यावर २३, चवडा २४, पावलाची लांबी २५.५, गुडघ्याखालपर्यंतची उंची ४३. प्रत्येक घेरातून दहावा भाग वजा करायचा, कारण मोजा अंगापेक्षा थोडा लहान असला तरच धरतो. पोटरी ३७ मधून उरले ३३.३, गुणिले ३ म्हणजे १०० टाके. गुडघ्याखाली ३०.६, म्हणजे ९२. घोट्यावर २०.७, म्हणजे ६२. चाराने भाग जावा म्हणून ६४ धरू. चवडा ६५ येतो, तोही ६४ वर चालवता येतो. ६४ च्या खाली घोटा नेऊ नका. घोटा कितीही बारीक असला तरी मोजा घालताना या भागातून सगळ्यात मोठा घेर जातो तो टाचेचा, टाच ते घोट्याच्या पुढचा वाकण्याचा भाग असा तिरका. तो या ६४ टाक्यांतून जायला हवा.

वर ९२ टाके घाला, सैल घाला. दोन सुया एकत्र धरून टाके घातले आणि मग एक सुई ओढून घेतली की कड पुरेशी सैल होते. कड घट्ट झाली तर खालचं सगळं काम बरोबर असूनही मोजा पोटरीवरून वर चढणार नाही. दोन सुलट दोन उलटची पट्टी विणा. गमबुटासाठी मी ती १४ सेंटिमीटर ठेवायला सांगेन: ६ सेंटिमीटर पायावर बसते आणि वरची ८ सेंटिमीटर बुटाच्या काठावरून बाहेर दुमडायची. दुमडलेली पट्टी बुटाला धरते आणि सकाळचं दव किंवा ठिबकचं पाणी थेट बुटात उतरत नाही. दोन सुलट दोन उलटची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे दुमडल्यावर उलटी बाजू दिसण्याचा प्रश्न नाही.

पट्टी संपली की सगळं सुलट, फक्त पायाच्या मागच्या मध्यावर एक टाका प्रत्येक फेरीत उलट ठेवा. ही रेघ पोटरीवरून सरळ खाली घोट्यापर्यंत जाते. हाताने विणलेल्या जुन्या लांब मोज्यांवर ती असायचीच. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र काढलं. त्यावर सपाट तुकडे विणले जायचे, पोटरीसाठी रुंदावत आणि घोट्याकडे अरुंद करत, आणि मग मागून शिवून मोजा व्हायचा. त्या मोज्यांना मागं खरी शिवण असायची. आपल्या गोल विणकामात शिवण नाही, पण ती उलट टाक्यांची रेघ तुम्हाला दोन गोष्टी देते: टाके कुठं कमी करायचे याची पक्की जागा, आणि फेऱ्या मोजायला सोपा माग. शिवाय मोजा घालताना रेघ सरळ मागं आली की आकार बरोबर बसला हे सासऱ्यांनाही आपोआप कळतं.

पट्टीच्या खाली ५ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे २० फेऱ्यांत, दर पाचव्या फेरीला रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा. चार वेळा वाढवलं की ९२ चे १०० होतात. मग २ सेंटिमीटर सरळ. हा पोटरीचा सगळ्यात भरलेला भाग.

इथून पोटरीचा उतार सुरू होतो, आणि मोजा चांगला की वाईट ते इथं ठरतं. १०० वरून ६४ वर यायचं म्हणजे ३६ टाके कमी करायचे, एका वेळी दोन, म्हणून १८ वेळा. अंतर २० सेंटिमीटर, ८० फेऱ्या. सरसकट भागाकार केला तर दर साडेचार फेऱ्यांनी एकदा येतं, आणि बऱ्याच पुस्तकांत असं एकसारखंच दिलेलं असतं. पण पाय तसा नसतो. पोटरी भरल्या भागाखाली थोडा वेळ हळू उतरते, मग मध्ये झपाट्याने बारीक होते आणि घोट्याजवळ पुन्हा हळू. तुम्ही पायावर केलेल्या खुणांचे आकडे पाहा, फरक तिथं उघड दिसेल: २५ आणि २० सेंटिमीटरच्या खुणांमधला फरक सगळ्यात मोठा निघेल. म्हणून पहिल्या चार वेळा दर पाचव्या फेरीला, मधल्या दहा वेळा दर चौथ्या फेरीला आणि शेवटच्या चार वेळा पुन्हा दर पाचव्या फेरीला. वीस, चाळीस आणि वीस, झाल्या ८० फेऱ्या. ज्यांची पोटरी वरच गोळा झालेली असते, खाली नडगी सरळ उतरते, त्यांच्यासाठी मधला भाग आणखी घाईने कमी करावा लागतो, दर तिसऱ्या फेरीला. ते त्यांच्या आकड्यांवरून ठरवा.

कमी करायची रीत अशी. रेघेच्या आधी तीन टाके उरले की दोन टाके एकत्र सुलट विणा, एक सुलट, मग रेघेचा उलट टाका, एक सुलट, मग पुढचा टाका न विणता उचला, त्याच्या पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्याच्यावरून ओढून घ्या. एका बाजूचा टाका उजवीकडे झुकतो, दुसऱ्या बाजूचा डावीकडे, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी नक्षी उठते. दोन्हीकडे एकाच पद्धतीने कमी केलं तर रेघेच्या दोन बाजू सारख्या दिसत नाहीत.

उताराचा अर्धा भाग झाला की टाके एका वेगळ्या रंगाच्या लांब धाग्यावर ओवून घ्या आणि मोजा खरंच पायावर चढवून बघा. कुठंही आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथं घेर जास्त आहे. उभे टाके फाकून मधून कातडी दिसत असेल तर कमी आहे. दहा फेऱ्या उसवून पुन्हा विणायला तासभर लागतो, आणि तो तास इथं घालवलेलाच परवडतो.

६४ टाके झाले की ४ सेंटिमीटर सरळ, रेघ बंद करा आणि टाच. मागचे ३२ टाके एका सुईवर घेऊन ३२ ओळी सपाट विणा, सुलट ओळीत एक टाका न विणता उचला, एक विणा, असं आलटून पालटून. उलट ओळ साधी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचला. याने टाच जाड होते, आणि गमबुटात मोजा सगळ्यात आधी तिथंच फाटतो. नायलॉनचा धागा इथून जोडा. टाच वळवताना १८ टाके सुलट विणा, उचलून-ओढून एक कमी करा, एक सुलट, काम फिरवा. पहिला उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, फिरवा. मग प्रत्येक ओळीत जिथं फट दिसते तिथले दोन टाके एकत्र करत आणि पुढचा एक विणत जा. शेवटी १८ टाके राहतात. दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचला आणि कोपऱ्यात एकेक जास्त, नाहीतर तिथं भोक राहतं. पुढचे ३२ धरून एकूण ८४ होतात. एक फेरी सोडून एक, दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका कमी करत १० वेळांत पुन्हा ६४ वर या.

पावलाचं काम सोपं आहे. मोजा पावलापेक्षा सेंटिमीटरभर आखूड हवा, म्हणून टाचेच्या मागून १९.५ सेंटिमीटर झालं की चवड्याचं टोक सुरू करा: दोन्ही बाजूंना मिळून एका फेरीत ४ टाके कमी, एक फेरी सोडून एक, ३२ टाके उरेपर्यंत, मग प्रत्येक फेरीला, १६ उरेपर्यंत. उरलेले टाके आठ-आठ समोरासमोर ठेवून लोकरीच्या सुईने शिवून जोडा. गाठ मारून आवळू नका, ती गाठ अंगठ्यावर दिवसभर टोचते.

दुसरा मोजा पहिल्यासारखाच व्हावा म्हणून वहीत फेऱ्यांची नोंद ठेवा, आठवणीवर जाऊ नका. ज्यांच्याकडे सुयांचे दोन संच आहेत त्यांनी दोन्ही मोजे बरोबरीने विणावेत, पट्टी झाली की दुसऱ्याची पट्टी, उतार झाला की दुसऱ्याचा उतार. आपला हात आठवड्याआठवड्याला बदलतो, रागात घट्ट पडतो, गप्पांत सैल. बरोबरीने विणलं की दोन्ही मोज्यांत तो बदल सारखा येतो.

सासऱ्यांना साखर असेल, पायावर शिरा फुगलेल्या असतील किंवा पायाला सूज राहत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिरांसाठी जे दाबाचे मोजे डॉक्टर देतात त्यांचं काम हाताने विणलेला मोजा करू शकत नाही, आणि साखरेच्या पायाला पट्टीचा वळ किंवा शिवणीची गाठ महागात पडते.

धुताना कोमट पाणी आणि रिठा, किंवा लोकरीचा सौम्य साबण. गरम पाणी आणि चोळणं या दोन्हींनी लोकर आटते, मोजा लहान मुलाच्या पायाचा होतो. पिळू नका, सावलीत आडवे वाळवा. दोन जोड असले तर फार बरं, आलटून पालटून घातले की आतला ओलावा पूर्ण सुकतो आणि टाच जास्त टिकते. उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात गुंडाळा. घामाचा डाग राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते.

तुमचा पहिला मोजा फेकू नका. तो उसवा, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल दोरा बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि वजन न लावता टांगून वाळवा. वळ्या निघाल्या की पुन्हा गुंडा करा. उसवलेल्या लोकरीने नमुना विणू नका, आणि ती टाचेतही घालू नका. वरची दुमडायची पट्टी तिची करा.